संत्र्या-लिंबाच्या वाळवलेल्या सालींचा चहा: या चुका टाळा

या चहाबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, चहा कडूजहर होतो. दुसरी, क जीवनसत्त्वासाठी रोज घेतो, तरी सर्दी काही हटत नाही. पहिलीवर सोपा उपाय आहे. दुसरीत मुळात अपेक्षाच चुकलेली असते.

क जीवनसत्त्वासाठी पिणे

ताज्या सालीत क जीवनसत्त्व भरपूर असते, पण वाळवताना हवेने आणि उष्णतेने त्यातले बरेचसे नष्ट होते. उरलेल्यातलेही काही गरम पाण्याने नष्ट होते. ते हवे असेल तर सरळ फळ खा. सालीत टिकतात त्या गोष्टी वेगळ्या: रंगीत थरातल्या तैलग्रंथींमधले सुगंधी तेल (त्यात बहुतांश लिमोनीन) आणि हेस्पेरिडिन, नोबिलेटिन यांसारखी फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींत तयार होणारी द्रव्ये). जेवणानंतर पोट जड वाटत असेल, घसा धरला असेल, तर असा गरम कप घेऊन बरे वाटते, आणि बिनसाखरेचे एक चवदार पेय मिळते हा फायदाही कमी नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांबद्दलचे मोठे दावे मात्र बहुतेक करून प्राण्यांवरच्या किंवा एकवटलेल्या अर्काच्या प्रयोगांवर उभे असतात. त्यातून हेस्पेरिडिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणजे कपात उतरते ते थोडेच. हा चहा सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक.

साल नुसती पाण्याखाली धरणे

बाजारातल्या फळांवर चमक यावी म्हणून मेणाचा थर दिलेला असतो, आणि साठवणीत बुरशी लागू नये म्हणून इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल अशी बुरशीनाशकेही वापरतात. सालीवर नख ओढून पाहा. पांढरट भुगा निघाला तर तो मेणच. फळ सोलण्याआधीच धुवा: एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, त्यात 12 ते 15 मिनिटे बुडवा, ब्रशने घासा, मग साध्या पाण्याने धुवा. याने पृष्ठभाग स्वच्छ होतो. सालीत मुरलेला अंश निघत नाही. म्हणून चहासाठी शक्यतो बिनफवारणीचे, बिनमेणाचे फळ घ्यावे.

जाड साल तशीच वाळवणे

मोसंबी, लिंबू, पपनस यांच्या सालीखालचा पांढरा भाग स्पंजासारखा असतो. कडूपणा बराचसा तिथूनच येतो, आणि ओलही तिथेच अडकते. साल वरून कडक लागते, आत दमट राहते, आणि पंधरवड्यात बरणीत बुरशी दिसते. सोलाण्याने फक्त रंगीत थर काढा किंवा सुरीने आतला पांढरा भाग खरवडा. सुटी साल असलेल्या संत्र्याला एवढा खटाटोप लागत नाही, तिचा पांढरा थर मुळातच पातळ असतो.

बोटाच्या पेरापेक्षा बारीक पट्ट्या एका थरात पसरा. वाळवण्याच्या यंत्रात किंवा ओव्हनमध्ये 45 ते 50 अंश सेल्सिअसला ठेवा. 80-90 अंशांना काम लवकर उरकते खरे, पण तेल उडून जाते आणि उरते ती तपकिरी, करपट वासाची साल. पट्टी वाकवल्यावर टचकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून वेळ आहे. लगेच गच्च बंद करू नका. काचेच्या बरणीत सैलसर भरून आठवडाभर रोज हलवा. काचेच्या आत दव धरले तर पुन्हा वाळवा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खी बरणी टाकून द्या, तेवढाच तुकडा काढून भागत नाही.

लिंबाच्या बाबतीत आणखी एक: साली चिरून त्याच हातांनी उन्हात वाळवण घालायला जाऊ नका. हिरव्या लिंबाच्या सालीतल्या फ्युरानोकुमारिन नावाच्या द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांत फोड आणि नंतर कित्येक आठवडे काळे डाग. साबणाने हात धुऊन मगच बाहेर पडा.

खळखळ उकळणे

जास्त उकळले की जास्त गुण उतरतो, हा काढ्याचा हिशोब इथे लागू नाही. उकळताना तेल वाफेबरोबर जाते आणि कडू द्रव्ये पाण्यात येतात. 200 मिलि पाण्याला एक चहाचा चमचा सालीचे तुकडे (सुमारे 2 ग्रॅम) पुरे. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभराने सालीवर ओता, झाकण ठेवा, 8 मिनिटांनी गाळा. झाकण विसरू नका. सगळा वास त्याखालीच थांबतो. तरीही कडू लागला तर साखर ओतण्याआधी मिठाची अगदी चिमूट टाकून पाहा. वासच येत नसेल तर साल जुनी झाली आहे किंवा पूड करून ठेवली होती. पुडीतून तेल लवकर उडते, म्हणून लागेल तेवढीच दळा.

कुठलीही साल चालते असे समजणे

ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू संत्रे यांच्यातली फ्युरानोकुमारिने आतड्यातले औषधे मोडणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी), फेलोडिपिन (रक्तदाबासाठी), सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतर) अशा औषधांचे रक्तातले प्रमाण त्याने धोकादायक वाढू शकते. गोळी सकाळी, चहा रात्री, ही युक्ती चालत नाही. परिणाम एक ते तीन दिवस राहू शकतो. कडू संत्र्यात सिनेफ्रिन हे उत्तेजक द्रव्यही असते, त्यामुळे उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी त्या सालीपासून लांबच राहावे. गोड संत्र्याबद्दल ही अडचण सहसा येत नाही, पण नियमित औषध चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये. दिवसाला एक-दोन कप पुष्कळ झाले.