बीसीएमचा डेटा स्कॅनरवर वाचताना या चुका टाळा

हेडलाइट लागत नाही, सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा चालतं, वायपर थांबायचं नाव घेत नाही. गाडी गॅरेजात येते, स्कॅनर लागतो आणि दहा मिनिटांत निकाल तयार असतो: ‘शेठ, बीसीएम गेलंय, बदलावं लागेल.’ नवं बीसीएम बसतं, बिल होतं आणि आठवड्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन दारात उभी राहते. बीसीएम, म्हणजे दिवे, लॉक, वायपर सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल, खरोखर जळलेलं निघण्याचे प्रसंग कमीच. स्क्रीनवर दिसतं ते बीसीएमला काय वाटतंय आणि त्याने काय हुकूम सोडलाय, एवढंच. दिवा खरंच लागला का, हे त्याला पुष्कळदा ठाऊकच नसतं.

स्कॅनर लावण्याआधी बॅटरी

बंद गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चालू इंजिनवर साधारण १३.५ ते १४.५ हवेत. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची गाडी पहाटे उघड्यावर उभी असेल आणि बॅटरी आधीच थकलेली असेल, तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं खाली बसतं की बीसीएम, ब्रेकचं एबीएस, डॅशबोर्डवरचा मीटर सगळेच कमी व्होल्टेजचे आणि संपर्क तुटल्याचे बिघाड-कोड साठवून ठेवतात. असे पाच-सहा कोड एकदम दिसले म्हणजे पाच-सहा बिघाड आहेत असं नव्हे. कोड लिहून घ्या, फोटो काढा, बॅटरी सुधारा, मग खोडा आणि पुन्हा कोणते येतात ते बघा. न लिहिता आधीच खोडणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) असेल तर तीही त्याबरोबर जाते आणि मग अंधारात चाचपडणं उरतं.

तपासणी लांबणार असेल तर चार्जर लावून ठेवा. की ऑन ठेवून अर्धा तास लाईव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी बदलत जाणारे आकडे, बघत बसलात तर बॅटरी उतरते आणि नवे खोटे कोड तुम्हीच तयार करता.

‘एकही कोड नाही’ म्हणजे काय?

स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल ॲप बहुधा इंजिनाचे, उत्सर्जनाशी संबंधित कोड वाचतं. ‘पी’ने सुरू होणारे कोड त्याला कळतात; ‘बी’ म्हणजे बॉडीचे कोड त्याला बहुतेक गाड्यांत दिसतच नाहीत. तेव्हा ॲपवर हिरवी टिक आली म्हणून बीसीएम स्वच्छ, असं धरू नका. त्या कंपनीच्या बॉडी सिस्टिममध्ये शिरणारा स्कॅनर लागतो.

तो असला तरी मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट नीट निवडा. बेस मॉडेलच्या गाडीवर टॉप मॉडेल निवडलं की रेन सेन्सर, ऑटो हेडलाइट असल्या गाडीत नसलेल्या गोष्टींच्या ओळीही पडद्यावर येतात आणि त्यांच्यासमोर ‘ऑफ’ लिहिलेलं असतं. मग कोणीतरी नसलेला सेन्सर शोधायला काच उघडतो.

‘ऑन’ कोणाचं ऑन?

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. समजा उजवा हेडलाइट लागत नाही. लाईव्ह डेटात तीन वेगळ्या गोष्टी शोधायच्या. हेडलाइटचा स्विच ऑन दिसतो का? हा झाला इनपुट. बीसीएमने हेडलाइटसाठी कमांड ऑन दिली का? हा झाला हुकूम. आणि तिसरी गोष्ट स्क्रीनवर नसतेच: बल्बच्या कपलरवर (वायरी जोडायच्या सॉकेटवर), कपलर लावलेला असताना, व्होल्टेज आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) दोन्ही पोचतात का?

स्विच फिरवूनही इनपुट बदलत नसेल तर स्विच, त्याची वायर किंवा त्याची अर्थिंग बघा. इनपुट बदललं पण कमांड आली नाही, तर बीसीएम कशाची तरी वाट बघतंय: इग्निशनची स्थिती, बॅटरीचं व्होल्टेज, दुसऱ्या मॉड्यूलचा संदेश. आणि कमांड ऑन आहे पण दिवा नाही, तर बीसीएमने आपलं काम केलं असण्याची शक्यता मोठी. फ्यूज, रिले, वायर, बल्ब आणि अर्थ या क्रमाने पुढे सरका. रिले टिकटिक वाजला एवढ्याने भागत नाही. आतले पॉइंट जळलेले असले तरी तो वाजतोच.

अर्थ तपासायची रीत मात्र नेमकी हवी. दिवा चालू करून मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थ पिनवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.१-०.२ व्होल्टच्या आत आकडा हवा. एक-दोन व्होल्ट आले तर अर्थचा बोल्ट गंजलाय. कपलर काढून त्याच्या दोन पिनांमध्ये मोजलं तर मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण लोड नसताना एका धाग्यावर लटकलेली वायरही पुरते. आपल्याकडे त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाड्यांत रेडिएटरजवळचे बोल्ट हिरवे पडलेले असतात. तिथून सुरुवात करायला पैसे लागत नाहीत.

काही गाड्यांत बीसीएम दिव्याला सरळ १२ व्होल्ट न देता वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करतं. साधा मीटर तिथे सात-आठ व्होल्ट सरासरी दाखवतो. तो बिघाड नाही. आणि स्विचच्या इनपुट वायरवर टेस्ट लॅम्प लावून १२ व्होल्ट ढकलू नका. ती वायर बहुधा अर्थला जोडली जाण्यासाठी असते. असल्या प्रयोगात चांगलं बीसीएम खरोखर जाऊ शकतं.

वायपर स्वतःहून चालतो तेव्हा

नव्या गाड्यांत स्टीअरिंगजवळच्या वायपरच्या दांड्यातून प्रत्येक गतीसाठी वेगळी वायर येत नाही. वेगवेगळ्या रेझिस्टन्समधून एकाच वायरवर वेगवेगळं व्होल्टेज येतं आणि बीसीएम त्यावरून स्थिती ओळखतं. कपलरमध्ये पाणी शिरलं की मधलाच आकडा तयार होतो. दांडा बंद, पण डेटात कधी ‘इंटरमिटंट’, कधी ‘स्लो’ असं नाचताना दिसतं. लोक मोटर बदलतात, मग बीसीएम.

इथे फक्त वायपर स्विच आणि वायपर कमांड एवढ्याच ओळी निवडा. पन्नास ओळी एकदम उघड्या ठेवल्या की स्क्रीन इतकी संथ चालते की क्षणभराचा झटका दिसतच नाही. जमलं तर ग्राफवर ठेवा आणि वायरिंग हलवत जा. मग दांड्याचा कपलर काढा. नाचणं थांबलं तर दोष दांड्यात किंवा कपलरमध्ये. तरीही चालूच राहिलं तर वायर किंवा बीसीएमकडे वळा. काचेखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट तुंबली असेल तर ते पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. बीसीएम पुष्कळदा तिथेच असतं. गालिचा ओला आहे का, हाताने दाबून बघा.

संपर्क तुटल्याचे कोड

‘यू ०१४०’ म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. हा कोड लिहिणारं मॉड्यूल दुसरंच असतं. बीसीएम का बोलत नाही हे त्याला माहीत नसतं. आधी बीसीएमचे सगळे फ्यूज आणि अर्थ बघा. मग बॅटरीची वायर काढून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा; मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या नेटवर्कच्या दोन वायरी इथे येतात. नेटवर्कच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवा. १२० आला तर कुठेतरी वायर तुटलीय किंवा एक टोक सुटलंय. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना लागल्यात. गेटवे (वेगवेगळ्या नेटवर्कांना जोडणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत बॉडीचं नेटवर्क या पिनांवर येतंच असं नाही, तिथे सर्किट डायग्राम लागतो. पिंपळगाव-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, हे काही डायग्राममध्ये लिहिलेलं नसतं.

सीट कव्हरच्या दुकानात बसवलेला हॉर्न, जादा फॉग लॅम्प, एलईडी इंडिकेटर यांची चौकशी गिऱ्हाइकाकडे आधीच करा. एलईडी कमी करंट घेतो, म्हणून बीसीएम बल्ब गेलाय असं समजतं आणि इंडिकेटर भरभर मारतं. बीसीएमची त्यात चूक नाही.

रात्रीत बॅटरी उतरते

बंद गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते स्कॅनर सॉकेटमध्ये ठेवून मोजू नका; तो अनेक गाड्यांत नेटवर्क जागं ठेवतो. स्कॅनर काढा, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून दार उघडंच ठेवा आणि थांबा. काही गाड्यांना झोपायला, म्हणजे सगळी मॉड्यूल शांत व्हायला, अर्धा तासही लागतो. ५० मिलीॲम्पियरच्या आत करंट आला तर साधारणपणे ठीक. फ्यूज उपटत बसलात तर मॉड्यूल पुन्हा जागं होतं, म्हणून फ्यूजच्या दोन टोकांवरचे मिलीव्होल्ट मोजणं बरं. दार बंद असूनही लाईव्ह डेटात एखादं दार ‘उघडं’ दिसत असेल, तर लॅचच्या आतला स्विच बघा. मात्र हे बघायला पुन्हा स्कॅनर लावला, की झोपेची घड्याळं नव्याने सुरू होतात.

भंगारातून बीसीएम आणून बसवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: त्या गाडीत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) बीसीएममध्ये आहे का? असेल तर चाव्या आणि व्हेरियंटचं कोडिंग नव्याने करावं लागतं. काही मॉडेलांत वापरलेलं बीसीएम दुसऱ्या गाडीला स्वीकारतच नाही, आणि मग गाडी टो करून न्यावी लागते.