केसांच्या रेषेलगतचे बारीक दाणे कशाने गेले

कपाळावर त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे; खाज नाही, पू नाही. मुलतानी माती, लिंबू, स्क्रब सगळं झालं, कपाळ फक्त लाल झालं. अक्षरशः वैताग आला.

छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि सीबमचं, म्हणजे त्वचेतून स्रवणाऱ्या तेलाचं, बूच बसतं; डोक्याचं तेल कपाळावर उतरून त्यात भर घालतं. बूच आत असतं, म्हणून घासून निघत नाही.

आधी तेल बंद, उशीचा अभ्रा बदलला. रात्री सौम्य फेसवॉश, चेहरा पूर्ण कोरडा, मग अर्ध्या वाटाण्याएवढं ०.१ टक्के ॲडापॅलिन (छिद्रं मोकळी करणारं औषध) जेल सगळ्या कपाळावर, एकेका दाण्यावर नव्हे. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र आड, सकाळी सनस्क्रीन. सुरुवातीला दाणे वाढल्यासारखे वाटतात, तरी थांबू नका. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. गरोदरपणात हे जेल नको. दाणे खाजत असतील तर बुरशीची शक्यता असते. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.