ऑइल कॅच कॅन बसवताय? आधी होज बघा

आधी तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे का ते तपासा. टीएसआय, टर्बो जीडीआय अशा इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्यामुळे पीसीव्हीतून (इंजिनाच्या खालच्या भागातली, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी वाट) आलेली तेलाची वाफ व्हॉल्व्हवर बसते, भाजते आणि कार्बनचा थर धरते. कॅच कॅन म्हणजे या वाटेत होजने (रबरी नळीने) जोडलेला, ते तेल अडवून साठवणारा डबा. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच व्हॉल्व्ह धुऊन काढतं, तिथे हा खर्च करू नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

कॅन आत बॅफल (आडवे पडदे) किंवा जाळी असलेलाच हवा. नुसत्या पोकळ डब्यातून तेल एका नळीने येतं आणि दुसरीने निघून जातं. वर छोटा फिल्टर लावून मोकळा सोडलेला तर अजिबात नको. सगळा धूर हवेत जातो आणि वास केबिनमध्ये येतो. पाना, पक्कड, चिंध्या हे सांगायला नकोच.

आता होज. कॅनवर हजारो रुपये घालवून घरात पडलेला हीटरचा होज लावू नका. मी तोच लावला होता, म्हणून हे लिहितोय. हीटरचा होज बहुतेक ईपीडीएम रबराचा असतो. पाण्याला, कूलंटला उत्तम. पण तेलात तो फुगतो आणि मऊ पडतो. त्यात आपल्या मुंबईत गाडी सायनला, अंधेरीला रांगत असते. इंजिन आयडलिंगला असतं आणि नेमकी तेव्हाच मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांची) ओढ जोरात असते. मऊ होज आतल्या आत चपटा होतो, पीसीव्हीची वाट बंद, क्रँककेसमध्ये दाब वाढतो, आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर यायला लागतं. क्रँकचं मागचं सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एका होजपायी!

म्हणून तेलाला टिकणारा होज मागा, एनबीआरचा (नायट्राइल रबराचा), आणि अंगावर एसएई ३०आर७ हे मानक छापलेलं स्वतः वाचा. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणाला तर पुढचं दुकान. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नाही मिळाला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा, पण तिथे जुना, काढलेला होज घेऊ नका. छापील नाव नाही, तर होज नाही. खोक्यात कॅनसोबत आलेल्यालाही हाच नियम. माप आतल्या व्यासाचं, व्हर्नियरने; बाहेरून मोजलेलं उपयोगाचं नाही. लांबी सढळ घ्या, वळणावर दुमडलेला होज म्हणजे पुन्हा बंद वाट. क्लिपा नव्या.

हे सगळं शनिवारपर्यंत हातात असू द्या. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसल्यावर आठवलं तर दुकानं बंद असतात आणि मग माणूस हाताला लागेल तो होज लावतो.

इंजिन पूर्ण थंड. मूळ नळ्या काढण्याआधी फोटो काढा. पीसीव्हीकडून येणारी नळी ‘इन’ला, मॅनिफोल्डकडे जाणारी ‘आउट’ला. टर्बो गाडीत दुसरी वाट टर्बोच्या तोंडाकडे जाते, तिच्यात आणि हिच्यात गोंधळ नको. कॅन उभाच, एक्झॉस्टपासून लांब, खाली हात जाईल असा.

सुरू करा, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. आयडलिंग वरखाली होत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय. गरम इंजिनवर होज बोटाने दाबून बघा, आठवड्याने पुन्हा.

कॅन भरायची वाट बघू नका. पावसाळ्यात लवकर लवकर रिकामा करा. तेव्हा आत चहाच्या रंगाचं पाणचट काहीतरी निघतं, ती बहुतेक दमट हवेतली आणि जळणातली वाफ असते. कूलंटची पातळी मात्र तेव्हा बघाच, ते पाणी कूलंटचंही असू शकतं. निघालेलं तेल गटारात नाही, गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये.