कामाआधीच घराचा मालक बदलला? ठेकेदाराच्या करारात या चुका टाळा

मार्बलच्या दुकानात भिंतीला टेकून एक काळा ग्रॅनाइट पाच महिने उभा होता. साडेसात फूट लांब, सिंकचा कटआउट मारलेला, कडेला गोलाई दिलेली आणि मागे लाल खडूने जुन्या मालकांचं आडनाव. त्या फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं काम माझ्याकडे होतं. ऑर्डर गेली, कटिंग झालं आणि काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी फ्लॅट विकला गेला. नव्या मालकीणबाईंना ओटा खिडकीखाली, दुसऱ्याच भिंतीला हवा होता. दगडाचे पैसे कुणी द्यायचे? जुने मालक, नव्या मालकीणबाई आणि मी, तिघांचीही बाजू खरी होती, पण कागद कुणाकडेच नव्हता.

घर घेतलं म्हणजे करारही आला, असं समजणं

सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. घरावर बँकेचा बोजा असेल तर तो घराबरोबर येतो, म्हणून ठेकेदाराचंही तसंच असेल असं लोकांना वाटतं. पण ठेकेदाराने करार त्या मालकाशी केलेला असतो. मालक वारला तर करार कायद्याच्या कलम ३७ नुसार जबाबदारी त्याच्या वारसांकडे जाते, घर विकत घेणाऱ्याकडे जात नाही. म्हणून नव्या मालकाला ते काम करून घेण्याची सक्ती नाही आणि ठेकेदारालाही जुन्या दरात त्याचं काम करण्याची सक्ती नाही. जुना मालक मात्र घर विकलं म्हणून आपोआप सुटत नाही. हे त्याला कुणी सांगत नाही आणि नोटीस आली की धक्का बसतो.

यावर उपाय १८७२ च्या त्याच कायद्यात, कलम ६२ मध्ये आहे: तिघांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारालाही १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, तो घ्या आणि तिघांच्या सह्या खरेदीखताच्या आधी करा. नंतर जुना मालक फोनही उचलत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. त्यात जुन्या कराराची तारीख, ॲडव्हान्स किती आणि तो आता कुणाच्या नावे जमा, आलेल्या मालाची यादी, जुना मालक मोकळा झाल्याचं एक स्पष्ट वाक्य, नवी मापं आणि नवे दर येऊ द्या. बिल आणि वॉटरप्रूफिंगची गॅरंटी नव्या नावावरच घ्या. नाहीतर दोन पावसाळ्यांनी गळती लागली की गॅरंटी-कार्डावर दुसऱ्याचंच नाव असतं.

ॲडव्हान्स घराच्या किमतीत परस्पर वळता करणं

“ठेकेदाराला ५० हजार दिलेत, तेवढे वाढवून द्या,” असं विकणारा म्हणतो आणि घेणारा देऊन टाकतो. ठेकेदाराला पत्ताच नसतो. त्यातले ३० हजार त्याने मालात घातलेले असतात, उरलेले परत मागायला तोच विकणारा पुन्हा त्याच्याकडे येतो. घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, पैसे देण्याआधी ठेकेदाराला स्वतः फोन करा, त्याच्याकडून शिल्लक लिहून घ्या.

साठेखतावरच तोडफोड सुरू करणं

साठेखत (घर विकण्याचा आधीचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) यांत कधी कधी दोन-तीन महिने जातात. कर्ज मंजूर व्हायचं असतं आणि घेणाऱ्याला दिवाळीआधी राहायला यायचं असतं. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट आहे: नुसत्या साठेखताने घरात कसलाही मालकी हक्क तयार होत नाही. व्यवहार फिसकटला तर फोडलेल्या भिंतीचा जाब ठेकेदाराला द्यावा लागतो. मालकाची लेखी परवानगी नसेल तर हातोडा उचलू नका.

सोसायटीच्या परवानगीचंही तसंच. ती जुन्या सभासदाच्या नावाने दिलेली असते, डिपॉझिटही त्याचंच. नव्या नावाने पत्र नसेल तर वॉचमन वाळूच्या गोण्या गेटवरच अडवतो, आणि त्याचं चुकत नाही.

घोळ आधीच झाला असेल तर

पहिल्या दिवशी ठेकेदाराला लेखी कळवा: मालक बदलला, पुढची खरेदी थांबवा. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही. मग तिघांनी बसून मालाचे दोन ढीग करा. न फोडलेल्या टाइल्सच्या पेट्या, रंगाचे डबे, वायरची बंडलं दुकानदार बहुतेक परत घेतो. मापाने कापलेला दगड, खिडकीच्या मापाचे ॲल्युमिनियम सेक्शन परत जात नाहीत. खरा वाद फक्त दुसऱ्या ढिगाचा असतो.

ठेकेदारांनो, करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई मागता येते, पण नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्ही केलेला दिसला पाहिजे. सगळा ॲडव्हान्स गिळून बसणं टिकत नाही. जीएसटी नोंदणी असेल आणि ॲडव्हान्स परत करत असाल तर रिफंड व्हाउचर द्या. मालकांनो, खर्चाची बिलं मागा, तोंडी आकडा मान्य करू नका. तडजोड जमलीच नाही तर साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

तो ग्रॅनाइट शेवटी कापून दुसऱ्या साइटवर खिडक्यांच्या पट्ट्यांना लावला, निम्म्याहून कमी भावात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात एक ओळ असते: “घर विकायचे ठरल्यास खरेदीखताच्या १५ दिवस आधी ठेकेदारास लेखी कळवावे, तोपर्यंत मापाने कापलेल्या मालाची किंमत मूळ मालकाने द्यावी.”