माळ्यावरून उतरवलेला तंबोरा लगेच सुरात लावू नका

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं! पितळी घंगाळ, पाट, आणि फाटक्या गवसणीतला आजीचा तंबोरा. नव्या फ्लॅटात तो उभा करायला कोपरा नसतो, म्हणून घरचे तो देऊन टाकायला एका पायावर तयार असतात. माझ्याकडे पहिला तंबोरा असाच आला आणि मी तो आठ दिवसांत बिघडवला.

जूनचा शेवटचा आठवडा होता. घरी आणल्या आणल्या नव्या तारा चढवल्या आणि पेटीवर काळी पाचचा सूर धरून थेट तिथपर्यंत ओढल्या. तिसऱ्या रात्री ‘कट्ट’ असा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर भोपळा गळ्याला जोडतात तिथे पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट, आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, किंचित बसलेली. वर्षानुवर्षं बिनताणाचं पडलेलं लाकूड, त्यात ठाण्याच्या पावसाळी हवेत मऊ पडलेला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा डिंक. दुसरं काय होणार? आता मी आधी सगळे जोड बोटाने दाबून बघतो, मग तारा चार-पाच स्वर उतरवून चढवतो, आठवडाभर तसंच ठेवतो. पट्टीवर यायला तीन आठवडे लागले तरी चालतील. पावसाळ्यात तर हा उद्योगच नको.

पुढची चूक पहिलीपेक्षा मोठी. फट दिसली म्हणून मी ओळखीच्या सुताराला बोलावलं आणि त्याने पांढरा गम भरून शिकंजा लावला. काम दिसायला झकास. पण जुनी वाद्यं सरसाने जोडलेली असतात, कारण ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, जोड उघडतो, पुन्हा बसवता येतो. गमचं तसं नाही. तो जोड पुढे उघडायचा म्हटलं की लाकूडच फाटतं.

जवारीच्या, म्हणजे घोडीच्या घासून आणलेल्या बाकामुळे तारांना येणाऱ्या झणझणाटाच्या बाबतीतही हीच घाई होते. आवाज बसका वाटला की लोक घोडीवर पॉलिशपेपर फिरवतात. थांबा, आधी सूत हलवा. तारेखालचा तो दोरा केसभर पुढे-मागे केला की एका जागी आवाज अचानक उघडतो, चारही तारा झणझणायला लागतात. तरीही न उघडल्यास जवारी काढणाऱ्या कारागिराकडेच जा. घोडीवर तारांच्या खोल खाचा पडल्या असतील तर ती घासावी लागतेच, पण घासलेलं परत येत नाही. नवी घोडी बसवली तर जुनी पुडीत बांधून वाद्याबरोबर ठेवा.

जुनी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असू शकते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे या वस्तूंची खरेदी-विक्री करता येत नाही, तेव्हा ‘अस्सल हस्तिदंत’ म्हणून भाव वाढवणाऱ्यापासून लांबच राहा. १९७२ चाच दुसरा कायदा पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात येऊ शकते आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे पणजोबांची सतार पाठवायच्या बेतात असाल तर आधी चौकशी करा.

व्हायोलिनच्या पोटातल्या चिठ्ठीवर ‘स्ट्राडिव्हेरियस’ आणि सतराशे काहीतरी साल दिसलं की काहींना रात्री झोप लागत नाही. शांतपणे झोपा! तो कारागीर १७३७ मध्ये गेला, आणि त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकात जर्मनीतल्या कारखानी व्हायोलिनांत सर्रास चिकटवल्या जात. खाली ‘मेड इन जर्मनी’ असेल तर ते वाद्य बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं.

कीड ओळखायची तर वाद्याखाली रात्रभर काळा कागद अंथरा. सकाळी पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर आत किडा जिवंत आहे. नुसती भोकं असतील तर घाबरू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत बुरशी धरते. बाथरूमला लागून असलेली भिंतही टाळा. वाशीच्या एका मित्राने सतार एसीच्या झोताखाली टांगली होती. रात्री कोरडी, दिवसा दमट असं चालू राहिलं आणि दोन उन्हाळ्यांत तबलीला उभी चीर गेली.

माझा तंबोरा शेवटी मिरजेला न्यावा लागला. तिथे दीडशेहून जास्त वर्षं हे काम चालतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिराने जोडावरून नख फिरवलं आणि विचारलं, “गम कुणी भरला?” मी सुताराचं नाव पुढे केलं. “नुसती फट असती तर काम सोपं होतं साहेब. आता भोपळाच बदलावा लागणार.”

बदलला. आवाज चांगला आहे, पण आजींचा नाही. दर जूनमध्ये मी त्याच्या तारा दोन स्वर उतरवून ठेवतो.