युनिव्हर्सिटीकडून परदेशी जायचंय? तिकीट सगळ्यात शेवटी काढा

कॉन्फरन्सचं ॲक्सेप्टन्स लेटर आलं की पहिला हात जातो तिकिटाच्या साइटवर, दर वाढतील म्हणून. मी बरीच वर्षं युनिव्हर्सिटीत परदेशी जाणाऱ्यांचं काम बघते, प्राध्यापक, पीएचडीवाले, एक्स्चेंजला जाणारी मुलं, सगळेच, आणि प्रत्येकाला आधी हेच सांगते की थांबा, तिकीट नंतर. आधी बघायचं की या सगळ्यात जास्तीत जास्त वेळ कशाला लागणार आहे, आणि तिथून तारखा उलट्या मोजत यायचं. बहुतेक वेळा ती व्हिसाची अपॉइंटमेंट असते, कधी पासपोर्टचं रिन्यूअल असतं, कधी आपल्याच युनिव्हर्सिटीतली एक सही, आणि फील्डवर्क असेल तर तिथल्या सरकारचं रिसर्च परमिट, ज्याला महिनेच्या महिने जातात.

पासपोर्टपासून सुरुवात करा. बऱ्याच देशांना पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा लागतो. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम वेगळा, तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने शिल्लक हवेत आणि पासपोर्ट १० वर्षांच्या आतला हवा. दोन कोरी पानं असू द्या.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. एकदा आम्ही नऊ मुलांना घेऊन निघालो होतो. काउंटरवर आठ जणांचे बोर्डिंग पास निघाले आणि नवव्या मुलीचा पासपोर्ट हातात धरून तो माणूस एकदा स्क्रीनकडे, एकदा पासपोर्टकडे बघायला लागला. एक्सपायरीला साडेचार महिने होते, त्या देशाला सहा हवे होते. व्हिसा लागत नव्हता म्हणून कुणी तारीख बघितलीच नव्हती, मी पण नाही. तिने काही न बोलता आपली पोस्टरची नळी मैत्रिणीच्या हातात दिली आणि बॅग ओढत बाजूला जाऊन उभी राहिली. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. तेव्हापासून मी फॉर्ममध्ये तारीख लिहून घेत नाही, पासपोर्टच्या पानाचा फोटोच मागते आणि स्वतः बघते.

त्याच पानावर खाली दोन ओळी असतात, ४४-४४ अक्षरांच्या, मशीनने वाचायच्या. त्यात आधी आडनाव, मग दोन बाणांसारख्या खुणा, मग बाकीचं नाव. तिकीट, इन्शुरन्स, इन्व्हिटेशन लेटर, कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन सगळीकडे नाव तिथे आहे तसंच घाला, एका ठिकाणी मधलं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की व्हिसाच्या खिडकीवर उगाच प्रश्न सुरू होतात.

आता व्हिसा. ग्रुप एक असला तरी नियम एक नसतात, कारण मुलांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असू शकतात. एकाला नुसतं ऑनलाइन परमिशन पुरतं आणि शेजारी बसलेल्याला इंटरव्ह्यू असतो, त्यामुळे ग्रुपचं वेळापत्रक ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागणार त्याच्या हिशोबाने ठरवा. शेंगेनचं उदाहरण घ्या, अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, निर्णय साधारण १५ दिवसांत येतो पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. वर ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर दाखवावं लागतं, आणि कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं. मग सेमिस्टरभराच्या एक्स्चेंजला तो व्हिसा चालणारच नाही, त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा लागतो. मुलं इथेच फसतात.

प्राध्यापकांसाठी एक गोष्ट. तिकडे जाऊन नक्की काय करणार हे यजमानांकडून लेखी घ्या. मीटिंगला बसणं वेगळं, वर्ग घेणं वेगळं, आणि मानधन मिळणार असेल तर ते अजूनच वेगळं, काही देशांत त्याने व्हिसाचा प्रकारच बदलतो. पत्रात तारखा, काम आणि खर्च कोण करणार हे तिन्ही असलंच पाहिजे.

ट्रान्झिट पण बघा. मधल्या एअरपोर्टवर नुसतं विमान बदलायचं असलं तरी काही पासपोर्टना ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर बऱ्याचदा मध्ये बाहेर येऊन सामान घ्यावं लागतं, परत चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी पाहिजेच. वाचलेले पैसे एका चुकलेल्या फ्लाइटमध्ये जातात.

इन्शुरन्सची पॉलिसी मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचा, विशेषतः काय कव्हर होत नाही ते. युनिव्हर्सिटीची पॉलिसी असेल तर ट्रिप आधी सिस्टिममध्ये नोंदवली तरच ती लागू होते का हे विचारा. कॉन्फरन्स संपल्यावर स्वतःचे चार दिवस फिरायला जोडले तर ते धरले जातात का, भाड्याची स्कूटर चालवली तर काय, आधीपासूनचा आजार असेल तर काय, पेशंटला विमानाने परत आणायचा खर्च आहे का. हे प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तब्येतीचं बोलणं मुलांशी एकेकट्याने करा, सगळ्यांसमोर कुणी सांगत नाही. काही औषधं एका देशात साधी आणि दुसऱ्या देशात गुन्हा असतात, जपानमध्ये ॲम्फेटामाइनवाली औषधं प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाहीत, आणि एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासासाठी, ती घेणारी मुलं असतात. डॉक्टरला पर्याय शोधायला वेळ द्या. पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, विमानाच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुनं असेल तर शोधून काढा. आणि काही देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे, हे मुलांना निघायच्या आधी कळलं पाहिजे, तिथे पोचल्यावर नाही. कुणाला त्यावरून जायचं नसेल तर मार्क जाणार नाहीत याची सोय आधीच करून ठेवा.

सामानात दोनच गोष्टी सांगते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-अवरच्या आत असली की सहसा अडत नाही, हिशोब असा की २०,००० एमएएच (पॉवर बँकेवर छापलेली क्षमता) गुणिले ३.७ (बॅटरीचं व्होल्टेज) भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-अवर, चालेल. पण आकडा वरती छापलेला दिसला पाहिजे, पुसला असेल तर नवी घ्या. दुसरं, संशोधनाची उपकरणं नेऊन परत आणायची असतील तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे वस्तू तात्पुरत्या नेऊन परत आणण्याचं कस्टमचं कागदपत्र, ते एक वर्ष चालतं आणि जे देश ते मानतात तिथे कस्टम ड्युटी भरावी लागत नाही. नमुने, ड्राय आइस, गोपनीय डेटा असलेला लॅपटॉप यातलं काही असेल तर युनिव्हर्सिटीच्या एक्स्पोर्ट कंट्रोलवाल्यांना (देशाबाहेर काय नेता येतं ते बघणारे) आणि एअरलाइनला आधी विचारा. एज्युरोम, म्हणजे आपल्याच युनिव्हर्सिटीच्या लॉगिनवर दुसऱ्या युनिव्हर्सिटीत चालणारं वायफाय, ते पण निघायच्या आधी आपल्या कॅम्पसवर चालू करून बघा, तिकडे गेल्यावर इंटरनेट नाही म्हणून सेटिंग उतरवता येत नाही आणि सेटिंग नाही म्हणून इंटरनेट नाही.

एवढं सगळं जुळलं की तिकीट काढा. तारीख बदलता येणारं असेल तर थोडे जास्त गेले तरी चालतील.

मग एक कागद बनवा, खरंच एकच पान. प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट नंबर, फोन, घरच्यांचा फोन, फ्लाइट, राहण्याचा पत्ता, इन्शुरन्सचा चोवीस तासांचा नंबर, त्यांच्या एम्बसीचा नंबर. तो मागे राहणाऱ्या एका माणसाकडे द्या, आणि तो माणूस रात्री फोन उचलणारा पाहिजे, ऑफिसचा लँडलाइन नको. काही झालं तर घरच्यांना कोण फोन करणार हे नाव घेऊन ठरवा.

पैसे मुलांना ॲडव्हान्समध्ये द्या, आधी खर्च करा मग बिल लावा हे ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्यालाच जमतं. आणि पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढायला सांगा, त्या पातळ कागदावरची शाई परत येईपर्यंत उडालेली असते.