४यू केसमधलं वर्कस्टेशन तापत होतं, शेवटी असं गार केलं

४यू म्हणजे रॅकमध्ये (कॉम्प्युटर एकावर एक बसवायची चौकट) बसणाऱ्या केसची जेमतेम १७८ मिमी उंची, त्यात १६ कोरचा सीपीयू आणि दोन ग्राफिक्स कार्ड कोंबली, मग व्हायचं तेच झालं. रेंडर (चित्र किंवा व्हिडिओ तयार करायचं जड काम) लावला की दहा मिनिटांत सीपीयू ९५ डिग्रीवर आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, धाडकन खाली. आधी मी थर्मल पेस्टवर (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) खापर फोडलं, दोनदा बदलली, काडीचा फरक नाही.

मग झाकण उघडून नीट बघितलं तर सीपीयू कूलरचा पंखा बाजूच्या दिशेने हवा फेकत होता, म्हणजे सरळ केसच्या भिंतीवर! रॅकमध्ये हवा पुढून आत आणि मागून बाहेर अशीच जायला हवी, बाजूने सुटायला जागाच नसते. कूलर ९० डिग्री फिरवला, त्यासाठी वेगळं ब्रॅकेट लागलं, आणि पुढे तीन १२० मिमीचे हाय स्टॅटिक प्रेशरवाले (अडथळ्यातूनही जोराने हवा ढकलणारे) पंखे लावले कारण जाळी आणि डस्ट फिल्टरमधून हवा ओढायला साधे पंखे कमी पडतात.

ग्राफिक्स कार्डांचं दुखणं वेगळंच. दोन्ही ओपन एअर टाइपची, गरम हवा केसमध्येच सोडणारी, आणि चिकटून बसलेली. एक विकून ब्लोअरवालं घेतलं, ते मागून हवा बाहेर टाकतं. आवाज करतं बरं का, पण मशीन दुसऱ्या खोलीत आहे म्हणून चालतंय.

रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (जागा बंद करणाऱ्या पट्ट्या) लावले, नाहीतर मागची गरम हवा फिरून परत पुढे येते. आता फुल लोडला सीपीयू ७८ च्या आसपास.